तसबिरीचा समास

परवा घर रंगवायला काढले. रंगाऱ्याबरोबर आलेल्या पोराने हॉलमधल्या पाचही तसबिरी भिंतीवरून उतरवल्या आणि एकीवर एक रचून गॅलरीत ठेवून दिल्या, काचेवर काच! मी ओरडले, तर तो बिचारा गोंधळून म्हणाला, "आजी, जुनी कॅलेंडरंच आहेत ना ही?"

मी गप्प बसले. कारण १९८१ साली मी स्वतः या तसबिरींचे जे केले, ते त्याच्यापेक्षा कितीतरी वाईट होते. तेही इतिहासाची शिक्षिका म्हणून पगार घेत असताना. ते सांगायचेच आहे, पण त्याआधी या तसबिरी कुठल्या आणि आपल्या साध्या घरांत चित्र टांगायची पद्धत आली कशी, ते थोडे सांगते. शिकवायची सवय जात नाही, काय करणार!

पाचांतल्या चार आमच्या कोकणातल्या घरच्या. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला-जन्म आणि रामपंचायतन. पाचवे चित्र दीनानाथ दलालांचे. ते माझ्या वडिलांनी एका दिवाळी अंकातून ब्लेडने अलगद कापून घेतले आणि मढवून आणले. तेव्हा यात कुणाला वावगे वाटत नसे. दलाल आणि मुळगावकर मराठी घरांत शिरले ते बरेचसे असेच. अंक रद्दीत गेला, चित्र भिंतीवर राहिले.

'मढवून आणले' असे मी सहज लिहून गेले, पण हा शब्द आता ऐकू येत नाही. तसबीर हा शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा अर्थ नुसते चित्र. मराठीत मात्र तसबीर म्हटले की काच आणि चौकट आलीच. सुट्या कागदाला कुणी तसबीर म्हणत नाही. आणि मृदंग जसा मढवतात, देवाचा टाक चांदीने मढवतात, तशी तसबीर मढवतात. आता सगळे 'फ्रेम करून आणतो' म्हणतात. असो.

कोकणातल्या घरात कुठली तसबीर कुठे, हे ठरलेले होते. ओटीवर लोकमान्य टिळक, रामपंचायतन आणि पणजोबांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. माजघरात देवघराच्या दारावर एका बाजूला लक्ष्मी, एका बाजूला सरस्वती. शकुंतला-जन्म माडीच्या जिन्यात, जवळजवळ अंधारात. त्यातली मेनका आजीला समोर नको होती, पण आणलेली तसबीर टाकवतही नव्हती. त्या चित्रात विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतो आहे आणि मेनका बाळ पुढे करते आहे. मला लहानपणी वाटे, बाळ रडके आहे म्हणून हे आजोबा त्याला घेत नाहीत!

आणि त्या सगळ्या तसबिरी पुढे झुकलेल्या असत. खाली दोन खुंट्या, त्यांवर तसबीर टेकवलेली, आणि वरून सुतळीने मागच्या खिळ्याला सैल बांधलेली. आज कुणी अशी तसबीर लावली तर पाहुणे म्हणतील, पडायला आली आहे. पण त्यात अक्कल होती. तसबीर दाराच्या चौकटीवर, उंच. बघणारी माणसे जमिनीवर बसलेली. भिंतीला सपाट लावली तर खालून काचेत दाराचा उजेडच दिसणार. झुकवली की चित्र सरळ नजरेला येते. शिवाय कोकणातल्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून ते सुटे राहते आणि मागून वारा खेळतो. तसाच चिमण्यांनाही आधार मिळतो. सरस्वतीच्या मागे दर वर्षी घरटे असे. माजघरात काड्या पडत, आजी झाडून काढी, पण पिल्ले उडून गेल्याशिवाय तसबिरीला हात लावू देत नसे.

आता इतिहास.

आपल्याकडे भिंतीवर चित्र असणे जुनेच आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतीवर रंगवलेली चित्रे आहेत. पण ती वाडेवाल्यांची गोष्ट. साध्या घरात चित्र म्हणजे सणाकार्यापुरते. नागपंचमीला पाटावर नाग काढायचा, लग्नात दारावर गणपती. कार्य झाले की चित्र पुसले जायचे. बारा महिने राहील, खिळ्यावरून काढून दुसऱ्या गावी नेता येईल, मुलीला सासरी देता येईल असे चित्र सामान्य माणसाच्या हाती यायला छापखाना यावा लागला.

पुण्यात १८७८ साली निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा सुरू केली. पुढे वासुकाका जोश्यांनी ती नावारूपाला आणली. देवादिकांची चित्रे आणि मराठेशाहीतले पुरुष रंगीत छापून घरोघर पोचवायचे, हा उद्योग. चिपळूणकरांना आपण शाळेत निबंधापुरतेच शिकवतो. पण ज्यांना निबंधमाला वाचता येत नव्हती, त्यांच्याही भिंतीपर्यंत हा माणूस पोचला, हे मुलांना सांगायचे माझ्याकडूनही राहूनच गेले. आमचे रामपंचायतन चित्रशाळेचे होते. खालच्या कोऱ्या पट्टीवर तसे छापले होते आणि ते मराठीत असल्यामुळे मी लहानपणीच वाचले होते.

बाकीची तीन रविवर्म्याची. म्हणजे मुळातली नव्हेत, छापील. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव (हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले) यांनी रविवर्म्याला १८८० नंतरच्या दशकात पत्रातून सुचवले होते की, चित्रांना मागणी पुष्कळ आहे आणि हात दोनच, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करून घेतली. ती मुंबईत लोकांना बघायला ठेवली, तेव्हा गर्दी लोटली. मागणी किती आहे ते दिसले. शेवटी युरोपात न पाठवता यंत्रे आणि माहितगार कारागीरच जर्मनीहून आणले, आणि १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना निघाला. त्यातून निघालेले पहिले चित्र शकुंतला-जन्म. म्हणजे आमच्या जिन्यातल्या अंधारातले!

हे छापणे आजच्यासारखे झटपट नव्हते. चुनखडीचा गुळगुळीत केलेला जड दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उलटे काढायचे. दगड ओला केला की तेलकट रेषा तेवढी शाई धरते, बाकीचा दगड शाई झिडकारतो. हे झाले एका रंगाचे. प्रत्येक रंगाला नवा दगड, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न सरकता त्याच जागी बसला पाहिजे. शेवटी वरून वॉर्निश आणि कधी कधी कॅनव्हाससारखी दाणेदार दाब-खूण, म्हणजे तैलचित्राचा भास होतो. आमच्या सरस्वतीच्या गालाकडे मी भिंगातून पाहिले, तर लाल-पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसली.

छापखाना गिरगावातून घाटकोपरला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रपंच झेपेना, कर्जही झाले, तेव्हा पुढच्या दोन-चार वर्षांत रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकला. रविवर्मा १९०६ साली वारला, पण छापखाना त्याच्या नावाने चालूच राहिला. धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांचीही कामे तिथे छापली गेली. त्यामुळे 'रविवर्मा प्रेस' लिहिलेले प्रत्येक चित्र रविवर्म्याचे असतेच असे नाही. चित्रपट काढण्याआधी दादासाहेब फाळकेही काही काळ या छापखान्यात कामाला होते. १९७२ साली तिथे मोठी आग लागली. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीवरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण खिडकीतून बाहेर पाहिले ते कार्ल्याच्या लेण्यांच्या आठवणीने.

छापखान्यातून निघायचा तो कागद. त्याची तसबीर व्हायची ती गावोगावच्या सुतारांच्या, काचवाल्यांच्या हातून, आणि घरातल्या बायकांच्या हातून. ब्रिजबासी हे चित्रे छापणारे मोठे नाव, त्यांचीही सुरुवात कराचीतल्या चौकटी बनवायच्या दुकानापासून झाली. आमच्या आजीच्या सासूने लक्ष्मी मढवायला देण्याआधी कागदावरच हळदकुंकू वाहिले. लक्ष्मीच्या कपाळावर आणि पावलांजवळ ते अजून आहे, काचेवर नव्हे, चित्रावर. आजीने सरस्वतीच्या लुगड्याच्या काठावर खरी जर शिवली, मोरावर टिकल्या लावल्या. असे नटवलेले कागद तुम्ही संग्रहालयांतही पाहिले असतील. आणि गावच्या सुताराने काय केले? जर चेपू नये म्हणून चौकट खोल केली आणि काच व कागद यांच्यामध्ये चारी बाजूंनी लाकडाच्या बारीक पट्ट्या घातल्या. पावसाळ्यात काचेला घाम येतो. कागद काचेला टेकलेला असला की चिकटतो आणि मग काच काढताना चित्राची साल निघते. आमच्या चारही तसबिरी कोकणात राहून शाबूत राहिल्या त्या या बोटभर पट्ट्यांमुळे. हे मला गेल्या महिन्यात कळले.

१९८१. कोकणातले घर विकले. वाटणीत भांडी भावाकडे गेली आणि तसबिरी माझ्याकडे आल्या. पुण्यात आम्ही नुकताच दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला होता. नवा सोफा घेतला होता आणि त्यावरच्या भिंतीवर चार चित्रे एका मापाची, एका ओळीत, अशी माझी हौस. जुन्या शिसवी चौकटी काळ्या, जड, एकीला वाळवीची भोके. मी त्या रस्त्यावरच्या फ्रेमच्या दुकानात नेल्या. सोनेरी पट्टीच्या अठरा बाय बाराच्या तयार चौकटी होत्या. आमचे कागद वीस बाय चौदाचे. दुकानदाराने सरळ विचारले, "बाई, कडेची पांढरी पट्टी कापू का?"

मी म्हटले, "कापा की. तिथे चित्र कुठे आहे?"

त्याने पट्टी ठेवून सुरी ओढली. सोळा पट्ट्या जमिनीवर पडल्या. जुन्या चौकटी मी तिथेच ठेवून आले. त्याने काच थेट कागदावर बसवली, मध्ये काही घातले नाही. मीही सांगितले नाही, मला ठाऊकच कुठे होते! त्या वर्षी मी नववीला 'इतिहासाची साधने' शिकवत होते. लिखित, भौतिक आणि मौखिक.

त्या पट्ट्यांवर काय होते ते मला २००७ मध्ये निवृत्त झाल्यावर, या विषयावरचे वाचायला लागल्यावर समजले. चित्राचे नाव, क्रमांक, आणि छापखान्याचे नाव-गाव. छापखाना हलला तसा पत्ता बदलला. तेव्हा पत्ता मुंबईचा आहे की कार्ले-लोणावळ्याचा, यावरून चित्र साधारण केव्हाचे ते ठरवता येते. आमच्या घरात यावरून जुना वाद होता. माझी आत्या सांगे, लक्ष्मी पणजोबांनी मुंबईत विकत घेतली आणि १८९६-९७ च्या प्लेगात बिऱ्हाड मोडून गावी आले, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत धोतरात गुंडाळून आणली. वडील म्हणत, छे, ती १९१० नंतरची, पुण्याहून कुणीतरी आहेर म्हणून दिलेली. आत्याचे खरे असेल, तर पट्टीवर मुंबई असायला हवी होती. वडिलांचे खरे असेल, तर लोणावळे. लक्ष्मीखाली बारीक इंग्रजी अक्षरे होती एवढे मला पक्के आठवते. रामपंचायतनाखालचे मराठी वाचले, पण आमचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले आणि तोवर त्या तसबिरीकडे मान वर करून बघायचे वय गेले होते. आत्या आणि वडील दोघेही आता नाहीत. दोघांचा न्याय करणारी एक ओळ होती, ती मी पैसे देऊन कापून घेतली.

तर रंगकाम झाले आणि मी चारही तसबिरी घेऊन एका तरुण फ्रेमवाल्याकडे गेले. चांगला मुलगा आहे, या कामाचे शिक्षण घेतलेला. त्याने माझ्यासमोर मागचे खिळे काढले. पाठीमागे लावलेल्या स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडला आहे, तो उलटा करून दाखवला. सरस्वतीच्या टिकल्यांचे वळ काचेखाली चेपून उमटले आहेत, जर काळी पडली आहे. शकुंतलेचा एक कोपरा काचेला चिकटला होता. तो म्हणाला, ओढायचे नाही, तेवढी काच तशीच राहू दे. आम्ल नसलेला पुठ्ठा मागे, खोल चौकट, आणि काच व कागद यांच्यामध्ये चारी बाजूंनी बारीक पट्ट्या असे त्याने सुचवले. मला हसूच आले. म्हटले, "अरे, हेच तर आमच्या सुताराने केले होते!" ऊन थेट येते त्या भिंतीवर लावू नका, हेही त्याने बजावले. आजी तेच म्हणायची, कारण वेगळे देऊन. देवाला तोंडावर ऊन नको.

मग त्याने लक्ष्मीच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बोट दाखवले. "डाग बऱ्यापैकी काढता येईल, बघू का?"

मी नको म्हटले. माझा भाचा बरोबर होता. त्याचे म्हणणे, जुन्या छापील चित्रांना आता चांगली किंमत येते आणि डागामुळे ती उतरते. पट्टी कापून मी ती आधीच उतरवून ठेवली आहे, हे त्याला सांगितले.

खरा प्रश्न वेगळाच निघाला. चारही तसबिरी अशा व्यवस्थित होताहेत हे कळल्यावर माझ्या भावजयीचा फोन आला. "ताई, राग मानू नका, पण लक्ष्मी मला द्याल का? मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी बाजारातला फोटो मांडते, आणि सासूबाईंची लक्ष्मी तुमच्या सोफ्यावर." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मला लागायचे ते लागले.

दोन दिवस मी मनात वाद घातला. तिच्याकडे देवघरात तुपाचा दिवा, उदबत्तीचा धूर, पुन्हा कुंकू. कागद सव्वाशे वर्षांचा असू शकेल. इथे माझ्याकडे तो जपला जाईल. जपला जाईल, हे म्हणणारी कोण, तर सोळा पट्ट्या कापणारी! आणि दिव्या-उदबत्तीखाली ज्या घरात ती ऐंशी वर्षे होती, तिथे तिला काही झाले नव्हते. जे झाले ते माझ्या सोफ्यावर. शिवाय ती छापली कशाला होती? गिरगावातला असो की मळवलीचा, तो छापखाना चालला तो अशाच बायकांच्या पैशावर. मी भावजयीला फोन करून हो म्हटले. दिवा तसबिरीपासून हातभर लांब ठेव, कुंकू काचेवर लाव आणि भिंतीला ओल असेल तर मागे बूच लाव, एवढ्या तीन अटी घातल्या. तिने तिन्ही लिहून घेतल्या.

राहिलेल्या तीन आणि दलालांचे चित्र काल लागले. ओळीत नाही लावले. सरस्वती माझ्या लिहायच्या टेबलासमोर, खुर्चीत बसून दिसेल इतकी खाली. रामपंचायतन दाराशी. शकुंतला या वेळी चांगल्या उजेडात, पण उन्हात नाही. सरस्वती मी पुढे झुकवून लावायला सांगितली. मुलगा खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "आजी, आता खुर्चीत बसता ना तुम्ही? मग तिरकी कशाला?" त्याचे बरोबर होते. तरी मी तिरकीच लावून घेतली.

लक्ष्मी अजून कपाटाला टेकून उभी आहे. भाऊ पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येणार आहे. फ्रेमवाल्याने मागच्या पुठ्ठ्यावर कागदाचे एक पाकीट चिकटवून दिले आहे. त्यात घालायला मी काल रात्री एका पानावर शिसपेन्सिलीने लिहिले. आत्या काय सांगत असे ते, वडील काय सांगत ते, कुंकू कुणी वाहिले ते. आणि शेवटी लिहिले की खालचा समास, ज्यावर छापखान्याचे नाव-गाव होते, तो १९८१ साली पुण्यात मी कापवला. खाली सही केली आणि तारीख घातली.